बंद मॉडेलचा नारळ

जुन्या गाडीजवळ गेलो की मी आधी बोनेटवर हात ठेवतो. पत्रा गार लागला तर पुढचं बोलणं, कोमट लागला तर चहा पिऊन परत. "मिस्तरी येईपर्यंत गाडी चालू करू नका," असा निरोप मी आदल्या दिवशीच धाडत असे. तरीही इंजिन तापवून ठेवणाऱ्याला काहीतरी लपवायचं असतं. डिझेलचं इंजिन सकाळच्या गारव्यात पहिल्या सेल्फला कसं उठतं, धूर किती टाकतं, काळा की पांढरा, यावरून निम्मी गाडी कळते. उरलेली निम्मी विकणाऱ्याच्या तोंडावरून कळते.

जळगावला नाक्याजवळ माझं डिझेल इंजिनांचं गॅरेज होतं. ऐंशी सालानंतर आमच्या खानदेशात केळीवाले, कापूसवाले, दुकानदार, मास्तर असे सगळेच चारचाकी घेऊ लागले. नव्या गाडीला नंबर लावून वाट पाहण्यापेक्षा जुनी बरी, असा हिशेब. मग "मिस्तरी, गाडी पाहायला चला" अशी बोलावणी सुरू झाली आणि होता होता पाने-हातोडे पोरांच्या हातात गेले, माझा धंदा पाहण्याचा झाला. दलाल आणि मी यांत लोक गल्लत करतात. दलालाला सौदा झाला तरच मिळतं, म्हणून त्याला प्रत्येक गाडी चांगली दिसते. मला 'नको' म्हटलं तरी मिळायचं. त्यामुळे मला 'नको' म्हणणं परवडायचं आणि मी ते भरपूर म्हणायचो. बाजारात माझं नाव नाहीवाले मिस्तरी पडलं होतं. बायको म्हणायची, "जन्मल्यावर रडायच्या आधी तुम्ही 'नाही' म्हटलं असेल."

आमच्याकडे एक रीत होती. सौदा झाला की गाडीपुढे नारळ फुटतो. नारळ आणायचा घेणाऱ्याने, पण फोडायचा गाडी पाहणाऱ्याने. नारळ फोडला म्हणजे ही गाडी मी पाहिली, उद्या काही निघालं तर माझ्या दारात या. मी नारळ न फोडता परतलो की ती गाडी जळगाव-धुळ्यात लवकर खपत नसे. याचा मला गर्व होता, आणि तो मी लपवत नसे.

केळीच्या भागात जुनी गाडी पाहताना मी पायाखालची चटई उचलायचो. केळीचा चीक एकदा पत्र्याच्या सांध्यात गेला की काळा पडतो, मग घासा नाहीतर रंगवा, तो जात नाही. रावेरकडच्या एका दलालाने मला छातीवर हात ठेवून सांगितलं, "डॉक्टरसाहेबांची गाडी आहे. घर आणि दवाखाना, तिसरा रस्ता तिला माहीत नाही." मी चटई उचलली. सगळे सांधे काळे. मी विचारलं, "डॉक्टरसाहेब केळीच्या घडांना सुई टोचत होते का?" तो इतका हसला की त्यानेच मला बसस्टँडपर्यंत सोडलं. कापसाच्या गाड्यांचं वेगळं. रेडिएटरच्या जाळीत कापसाचे तंतू बसलेले असतात, गाडी चढावर तापते आणि मालक म्हणतो उन्हाळाच फार आहे.

जामनेरचे एक आडते मात्र माझ्या कायम लक्षात राहिले. गाडी पाहायला येताना ते काखेत उशी घेऊन आले. मी बोनेटमध्ये वाकलेलो, तर हे मागचं दार उघडून सीटवर आडवे झाले. पाय दुमडून पाहिले, सरळ करून पाहिले, कूस बदलली. मग उठून म्हणाले, "नको. लिलावाची वाट पाहत मला दुपारी यातच पडायचंय. गुडघे दाराला लागतात." इंजिन उत्तम होतं, भावही बरा होता. मी ही गोष्ट गॅरेजवर कितीतरी दिवस रंगवून सांगत होतो. त्यांनी गाडी बरोबर तपासली होती, हे माझ्या टाळक्यात शिरायला सुधाकरनानांची अक्का भेटावी लागली.

सुधाकरनाना पाटलांचं जळगावात शेतीच्या पाइपांचं दुकान. मूळ गाव धरणगावच्या पुढे, आत. अक्का म्हणजे त्यांची आई. ओसरीवर पाय घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं, जळगावात ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती नानांकडेच राहिली. काठी घेऊन घरातल्या घरात चालायची. पण तिला कमरेतून फार वाकता येत नव्हतं आणि पाय उंच उचलता येत नव्हता. मोटारीत बसायचं तर वाकावं लागतं, जीपमध्ये चढायचं तर पाय उचलावा लागतो. एसटीचा तर प्रश्नच नव्हता.

तसं अक्काला कुठे फिरायचं नव्हतं. तिला वर्षातून एकदा गावाला जायचं होतं, कानबाईला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. नोकरी-धंद्याला कुठे कुठे गेलेले भाऊबंद त्या दिवशी एका घरात जमतात. नानांच्या भाऊबंदकीची कानबाई गावच्या घरी बसायची आणि थोरली सून म्हणून ती अक्काच्या हातची. ऑपरेशननंतरच्या श्रावणात तिला जीपने नेलं. दोन पुतण्यांनी तिला काखेत धरून उचललं आणि आत ठेवलं. गावात सगळी गल्ली बघत असताना तसंच उचलून खाली घेतलं. परत आल्यावर अक्का नानांना म्हणाली, "पोतं शे का मी? आते मी काई येस नही." पुढच्या श्रावणात ती खरंच गेली नाही. कानबाई बसली, पण पूजेला धाकटी जाऊ. अक्का जळगावात खिडकीशी बसून राहिली. नाना हे सांगताना गॅरेजमधल्या पत्र्याच्या खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, "मिस्तरी, या श्रावणाआधी मला अशी गाडी पाहिजे की ती स्वतःच्या पायाने चढेल."

अशी गाडी धुळ्याला होती. नव्वद सालानंतरची ही गोष्ट. एका कंपनीने जीपपेक्षा बुटकी, मोटारीपेक्षा उंच अशी बंद बॉडीची डिझेल गाडी काढली होती. ना धड जीप, ना धड मोटार. जीपवाल्यांना ती नाजूक वाटली, मोटारवाल्यांना धटिंगण. चार-दोन वर्षांत कंपनीने तिचं उत्पादन बंद केलं. आज रस्त्यावर अशा मधल्या उंचीच्या गाड्यांची रांग लागलेली दिसते, तेव्हा मला त्या गाडीची कीव येते. ती लवकर जन्माला आली एवढाच तिचा गुन्हा.

पण बंद मॉडेलच्या बाबतीत माझा नियम पक्का होता. बंद गाडी मरते ती इंजिनाने मरत नाही. इंजिन, गिअर, ब्रेक हे कंपनीच्या दुसऱ्या गाडीचेच असतात, ते मिळत राहतात. ती मरते काचेने, दाराच्या कुलपाने, रबराने, दिव्याने. मागची गोलाई असलेली काच एकदा फुटली की प्लास्टिकचा कागद लावून फिरायचं आणि पावसात आतल्यांनी छत्री उघडायची. अशा गाडीचा नारळ मी कधी फोडला नव्हता.

धुळ्याला निघालो तेव्हा अक्का म्हणाली, मीही येणार. गाडी पाहायला बाई माणूस येण्याची पद्धत नव्हती. बायकांना गाडी दिसायची ती दारात आल्यावर, हळदी-कुंकू लावायला. नानांनी मिनतवारी केली, पण ती ऐकेना. शेवटी ओळखीच्यांची मिनीबस सांगितली, मधल्या पायरीसाठी लाकडी पाट घेतला, आणि पारोळा-धुळे रस्त्याचे धक्के खात तिला नेलं. तेवढ्या प्रवासाने तिचा चेहरा पांढरा पडला होता.

विकणारे शेठजी कापडाचे व्यापारी. मारवाडातून आलेल्यांची तिसरी पिढी, माणूस सज्जन. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. बोनेट गार होतं. पहिल्या सेल्फला इंजिन उठलं. तेलाचं झाकण काढून पाहिलं, वाफ कमी. पॅडलांची रबरं मीटरमधल्या किलोमीटरला साजेशी झिजलेली. चासीला कुठे वेल्डिंग नाही. मी खाली घुसून बाहेर आलो, चक्कर मारून आणली. सगळं चोख होतं. फक्त उजव्या बाजूच्या आरशाच्या जागी ड्रेसिंग टेबलाचा गोल आरसा कापून बसवला होता.

"हे काय शेठजी?"

"क्या करें मिस्तरी," शेठजी म्हणाले, "मागच्या साली फुटला. मुंबईपर्यंत शोधला, मिळेना. बायकोचा दिला लावून. आता ती रोज बोलते."

मला हवं ते मिळालं. मी नानांना बाजूला घेतलं आणि म्हणालो, "गाडी चांगली आहे, पण नको. आज आरसा, उद्या काच." नानांचं तोंड उतरलं. माझ्या शब्दाबाहेर ते जाणार नव्हते.

तेवढ्यात मागून अक्काचा आवाज आला. "बठनारी मी शे, अन् देखी राह्यनात तुम्हीच! दार उघाडा."

शेठजींनी पुढचं दार उघडलं. अक्काने काठी नानांकडे दिली. सीटला पाठ करून उभी राहिली, हाताने चाचपलं आणि बसली. वाकली नाही, चढली नाही, नुसती बसली. सीट बरोबर तिच्या खुब्याच्या उंचीची होती. मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला, सरळ झाली आणि पदर नीट केला. कुणी तिला हात लावला नव्हता. नाना दुसरीकडे बघायला लागले.

"हाई गाडी माले चालस," अक्का म्हणाली.

मी तिला समजावायला गेलो. कंपनीने गाडी बंद केली, पार्ट मिळणार नाहीत, काच फुटली की खेळ खलास, सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मनी कंबरना पार्ट बी कोठे मियस नही, मिस्तरी. मंग माले बी टाकी देतस का?"

मला राग आला. खरं सांगायचं तर स्वतःचाच. आयुष्यभर मी गाड्यांचे दोष शोधत आलो, पण गाडीत बसणाऱ्याचं दुखणं काय आहे, हे विचारायची मला कधी गरज वाटली नव्हती. मला तो उशीवाला आडत्या आठवला. तरीही मी नारळ फोडला नाही. नियम मोडायचा तर तो बाईमाणसाच्या एका बोलण्यावर मोडायचा का, हा माझा ताठा. मी म्हणालो, "आठवडाभर थांबा." अक्का म्हणाली, "आठोडाभर मी आठेच बठस मंग." तिची समजूत घालून तिला खाली उतरवायला शेठजींच्या बायकोला यावं लागलं. दोघी माडीखालच्या खोलीत चहा पीत बसल्या आणि आरशाबद्दल खूप काही बोलल्या असाव्यात, कारण शेठजी पुन्हा पुन्हा घसा खाकरत होते.

तो आठवडा मी भंगारबाजार पालथे घातले. धुळ्याचे, मग मालेगावचे. मालेगावला एका भंगारवाल्याच्या आवारात बाभळीखाली तीच गाडी सापडली. समोरून ट्रकने चेपलेली, पण छातीच्या मागे सगळी शाबूत. मागची काच, चारही दारांची कुलपं, काचांची रबरं, मागचे दिवे आणि डाव्या बाजूचा आरसा. डावा आरसा उलटा करून उजवीकडे बसतो, हे मी तिथेच लावून पाहिलं. पुढची काच सपाट होती, तेवढी कापून मिळण्यासारखी होती. भंगारवाल्याला वाटलं मला वेड लागलंय, आणि म्हणून त्याने भावही फार ताणला नाही. गोधडीत गुंडाळलेली ती काच टेम्पोत मांडीवर घेऊन मी जळगावला आणली. तान्हं लेकरूही मी कधी एवढं जपून आणलं नव्हतं. नानांच्या गोदामात पाइपांच्या मागे गोणपाटाखाली अर्धी गाडी जमा झाली.

मग मी धुळ्याला जाऊन बंद मॉडेलचा पहिला नारळ फोडला. शेठजींनी खोबरं वाटताना विचारलं, "मिस्तरी, अब तो हां बोला?" मी म्हणालो, "अर्धी गाडी गोदामात आहे, म्हणून बोललो." त्यांच्या बायकोला तिचा आरसा परत मिळाला.

कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी, नानांनी मलाही बरोबर घेतलं. मागच्या धुरीचा, म्हणजे ॲक्सलचा, आवाज मला ऐकायचा होता, आणि नानांना धीर हवा होता. गाडी सहा जणांची. पण कानबाईला निघालेल्या भाऊबंदाला मागे ठेवायचं कसं? वाटेत धरणगावला दोन चुलतभाऊ बायकापोरांसह उभेच होते. नारळाचं पोतं, कानबाईची साडी, पितळी परात असं सगळं कोंबलं. मी मागे परातीवर बसून धुरीचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत होतो, पण आतल्या गोंगाटात इंजिनही ऐकू येत नव्हतं. गावच्या फाट्यानंतर काळ्या मातीचा चिखल. दोनदा गाडी घसरून रस्त्यात आडवी झाली, दोनदा सरळ झाली.

गल्लीत लोक जमले होते. जीपमधून उतरवलेली अक्का त्यांना आठवत असणार. नाना धावत दाराशी गेले, तर तिने हातानेच त्यांना थांबवलं. एक पाय खाली, मग दुसरा. काठी टेकली, उभी राहिली आणि घराच्या पायरीकडे निघाली. पुतणे बघत राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर लागला म्हणायलाही जवळ चूल नव्हती.

त्या संध्याकाळी रोटाचे, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू निवडून मांडले होते. कानबाईच्या रोटासाठी घरातल्या एकेकाचं नाव घेऊन मुठीमुठीने गहू काढतात. काही घरांत फक्त पुरुषांची नावं घेतात, नानांच्या घरात कुवार लेकींचीही घ्यायचे. लेक लग्न होऊन गेली की तिची मूठ बंद, ती सासरच्या रोटात. त्या गव्हाचा रोट फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेरच्याला देत नाहीत. मी बाहेरचा, म्हणून ओट्यावर बसलो होतो. अक्का नाव घ्यायची, मूठ भरायची. सगळी नावं संपली आणि तिने आणखी एक मूठ परातीत टाकली.

नानांची बायको म्हणाली, "अक्का, आते कोन राह्यनं?"

"ती दारम्हा उभी शे ना," अक्का म्हणाली.

सगळे दारातल्या गाडीकडे बघून हसले. मीही हसलो. परातीतली मूठ मात्र कुणी परत काढली नाही.

अक्का आणखी पाच श्रावण गावाला गेली. मग एका हिवाळ्यात झोपेतच गेली. गोदामातली काच तशीच पडून होती. गाडीला ती एकदाही लागली नाही. नानांनी नवी गाडी घेतली आणि जुनी दुकानामागे उभी राहिली. बंद मॉडेलला गिऱ्हाईक मिळेना, माझा 'नको' एवढ्यापुरता खरा ठरला होता आणि त्याचा मला काही आनंद झाला नाही.

मग बोदवडचे एक निवृत्त पोस्टमास्तर आले. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेले, लेक भुसावळला दिलेली, तिच्याकडे जाता येत नव्हतं. मी त्यांना सांगितलं, "बाईंना घेऊन या. त्या बसल्याशिवाय मी बोनेट उघडणार नाही." बाई आल्या. सीटला पाठ करून उभ्या राहिल्या, चाचपलं आणि बसल्या. मी नानांकडे बघितलं, नानांनी माझ्याकडे. सौदा तिथेच झाल्यासारखा होता.

पण नानांची बायको दारात येऊन उभी राहिली. "विकायची नाही," ती म्हणाली. "अजून हिची मूठ काढते मी दरवर्षी. मूठ असलेलं माणूस विकतात का?"

पोस्टमास्तर टोपी हातात घेऊन उभे. त्यांना काय बोलणं चाललंय ते कळत नव्हतं, पण गाडी जातेय हे कळत होतं. त्यांची बायको सीटवरून उतरायला लागली. तशी नानांच्या बायकोने पुढे होऊन तिच्या मांडीवर हात ठेवला आणि तिला बसवलं.

"विकायची नाही," ती पुन्हा म्हणाली. "द्यायची. लेक देतात तशी."

ती आत गेली आणि खण-नारळ घेऊन आली. स्टेअरिंगला हळद-कुंकू लावलं, सीटवर ओटी ठेवली. पोस्टमास्तर पाकीट काढायला लागले, तर नानांनी त्यांचा हात धरला. पोस्टमास्तरांनी आणलेला नारळ मी फोडला. गोदामातून गोधडीत गुंडाळलेली काच, कुलपं, रबरं, दिवे असं सगळं आणून मागे ठेवलं. नाना म्हणाले, "हे आंदण." इतका वेळ धीराने उभी असलेली त्यांची बायको तेव्हा रडली.

पुढच्या कानबाईला मी नानांच्या गावी गेलो होतो. ओट्यावर बसून नावं ऐकत होतो. सगळी संपली आणि नानांच्या बायकोने आणखी मूठ न टाकता परात उचलून बाजूला ठेवली.